वैमानिकांचा कैवारी

रात्रीच्या वेळी आकाशमार्गाने जाणारा उतारू निर्धास्तपणे झोपी जातो. विमान चालविणारा मनुष्य जागा आहे, पुरेशी विश्रांती घेऊन आलेला आहे, आणि पुढे वादळ दिसल्यास मागे फिरण्यास तो मोकळा आहे, असा त्याचा भरवसा असतो. एके काळी या भरवशाला कसलाच आधार नव्हता. तो आधार मिळवून देण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत डेव्हिड बेंकी यांची गणना प्रामुख्याने करावी लागेल.

बेंकी यांचा जन्म १८९७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. तरुणपणीच ते सैन्यात दाखल झाले. विमानविद्या त्या वेळी बाल्यावस्थेत होती. बेंकी ती शिकले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात इतरांना शिकवूही लागले. युद्ध संपल्यावर त्यांनी शिकागो शहराच्या आसमंतात विमानाचा व्यवसाय केला. १९२६ साली नॉर्थवेस्ट एअरवेज या नव्या कंपनीने जे पहिले वैमानिक नेमले, त्यांत ते होते. पुढे बोइंग कंपनीच्या हवाई टपालसेवेत ते रुजू झाले.

टपालाची ती उड्डाणे म्हणजे प्राणांशी गाठ होती. वैमानिकाची जागा बहुधा उघडी असे. हिवाळ्यात बोटे गारठून जात. रात्री जमिनीवरील दीपस्तंभांच्या आधाराने वाट काढावी लागे, आणि धुके पडले की तेही दिसेनासे होत. अशा वेळी उड्डाण न करणे हेच शहाणपणाचे. परंतु वेळापत्रक मोडले तर कंपनीचे नुकसान होई आणि नकार देणाऱ्या वैमानिकाची नोकरी धोक्यात येई. कितीतरी धाडसी तरुण असे अकाली मृत्युमुखी पडले. लोक त्यांच्या शौर्याची वाखाणणी करीत. बेंकी यांच्या मनाला मात्र हे शल्य बोचत असे, की यांतील अनेक मृत्यू टाळता आले असते.

१९२९ साली जागतिक मंदीचे संकट कोसळले. कंपन्या वेतन कमी करण्याच्या आणि कामाचा बोजा वाढविण्याच्या मार्गाला लागल्या. एकटा वैमानिक विरोध करू लागला, तर त्याच्या जागी दुसरा उभाच होता. तेव्हा सर्वांनी एकत्र येण्यावाचून गत्यंतर नाही, हे बेंकी यांनी ओळखले. त्यांनी ठिकठिकाणच्या वैमानिकांशी गुप्तपणे संधान बांधले. कोणाचे नाव बाहेर फुटू नये यासाठी ते डोळ्यांत तेल घालून जपत. अखेर १९३१ च्या जुलै महिन्यात शिकागो येथे मोजके वैमानिक जमले आणि त्यांनी आपली संघटना स्थापन केली. बेंकी तिचे अध्यक्ष झाले. विमाने वेळेवर धावावीत, पण सुरक्षितपणे धावावीत, हे तिचे ब्रीद ठरले.

दुसऱ्याच वर्षी कसोटीची वेळ आली. सेंच्युरी नावाच्या विमान कंपनीने वेतनात मोठी कपात जाहीर केली, आणि ती न स्वीकारणाऱ्या वैमानिकांना कामावरून दूर केले. संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. बेंकी यांनी हा प्रश्न अमेरिकेच्या कायदेमंडळापर्यंत नेला. स्वतः महायुद्धात वैमानिक असलेले ला गार्डिया हे तेथील सभासद त्यांच्या मदतीस धावले.

बेंकी यांचा सर्वांत मोठा विजय १९३४ सालचा. त्यापूर्वी वैमानिकाला महिन्यास ११० तासांपर्यंत उड्डाण करावे लागे. राष्ट्रीय कामगार मंडळाने दिलेल्या निवाड्याने ही मर्यादा ८५ तासांवर आणली. वरवर पाहता ८५ तास फार थोडे वाटतील. परंतु ते केवळ आकाशातील तास होत. उड्डाणापूर्वीची तयारी, हवामानाचा विचार, परमुलखातील मुक्काम आणि रात्रीची जागरणे यांची गणना त्यांत नव्हती. शिणलेल्या डोळ्यांची एका क्षणाची चूक साऱ्या उतारूंच्या जिवावर बेतते. म्हणूनच या विश्रांतीचे मोल मोठे होते. पुढे १९३८ च्या विमान-वाहतूक कायद्यानेही हा निवाडा कायम राखला.

१९३५ साली मिसुरी राज्यात झालेल्या विमान-अपघातात ब्रॉन्सन कटिंग हे सिनेटर मरण पावले, आणि देशभर खळबळ उडाली. त्या काळी हवाई वाहतुकीचे नियमन करणारे खातेच अपघातांची चौकशीही करीत असे. आरोपीनेच न्यायासनावर बसावे, तसा हा प्रकार होता. चौकशी स्वतंत्र मंडळाकडे असावी, असा वैमानिक संघटनेचा आग्रह होता. १९३८ च्या कायद्याने असे मंडळ निर्माण झाले, आणि त्यात एका वैमानिकाला स्थान मिळाले. दोनच वर्षांत ते मंडळ रद्द झाले. पण ती कल्पना मेली नाही. १९६७ साली अमेरिकेत वाहतूक-सुरक्षेचे राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले, आणि १९७४ च्या कायद्याने त्याला पूर्ण स्वातंत्र्य लाभले.

बेंकी यांच्या जीवनाचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. संघटना वाढत गेली, तरी प्रत्येक लहानमोठे काम स्वतःच्याच हातून व्हावे, हा हट्ट त्यांना सोडता आला नाही. कामे तुंबू लागली. इतरांना विश्रांती मिळवून देणाऱ्या या पुरुषाने स्वतःला मात्र कधी विश्रांती दिली नाही. वीस वर्षांच्या नेतृत्वानंतर त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना पदावरून दूर केले. हा आघात त्यांच्या जिव्हारी लागला. १९५३ साली त्यांचे निधन झाले.

माणसाच्या दोषांमुळे त्याचे कार्य झाकोळून जात नाही. आज आपल्या भारतातही वैमानिकाने किती तास उड्डाण करावे आणि किती विश्रांती घ्यावी, याचे नियम आहेत. संकटात उडी घेणारा शूर खराच. पण संकट येऊच नये म्हणून चिकाटीने झगडणाऱ्याचे शौर्यही त्याहून उणे नसते. ते शौर्य सहसा कोणाला दिसत नाही. सुखरूप उतरलेल्या विमानाची बातमी होत नाही, हेच त्याचे यश होय.