आश्रमातलं वासरू

दत्तगुरूंच्या तसबिरीत पाठीशी गाय असते. तिला हात जोडणं सोपं; आजारी वासराचं करणं अवघड.

गांधीजी जन्मले १८६९ साली, पोरबंदरच्या वैष्णव घरात. आजाऱ्याच्या सेवेची ओढ लहानपणापासूनची. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा रोज रात्री पाय चेपायचे.

१९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू जायबंदी होऊन पडलं. औषधपाणी, शुश्रूषा, सगळं झालं. पण कूस बदलतानाही ते कळवळायचं. डॉक्टरांनी आशा सोडली. तेव्हा गांधीजींनी आश्रमातल्यांशी विचारविनिमय करून डॉक्टरकडून त्याला विषाचं इंजेक्शन देववलं. लोक खवळले, संतापाची पत्रं आली. त्यांनी काही लपवलं नाही. 'नवजीवन'मध्ये लिहून जबाबदारी स्वतःवर घेतली.

पुढे सेवाग्रामला कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना ते स्वतःच्या हातांनी मालिश करत. १९४८ साली ते गेले.

तो निर्णय बरोबर की चूक, हा हिशेब मला अजून जुळलेला नाही. पण सेवा करून थकल्यावरच तो प्रश्न विचारायचा अधिकार येतो, एवढं पटलं. आपल्या गोठ्यातलं अशक्त वासरू आधी बघूया.

श्रीगुरुदेव दत्त!