क्रीडावीर कै. पालवणकर बाळू

ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे स्मरणिकेतून सभासद कुटुंबांपुढे ठेवावीत, या प्रथेस अनुसरून यंदा आम्ही कै. पालवणकर बाळू यांचे चरित्र देत आहोत. त्यास एक निमित्तही आहे. आपल्या तरुणांत, विशेषतः तालमीची माती अंगास लावणाऱ्यांत, असा एक पक्ष आहे की ज्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या अंगाशी अंग भिडत नाही तो खेळ कौशल्याचा म्हणावा, पराक्रमाचा म्हणू नये. कुस्ती, हुतुतू यांत छातीस छाती लागते. क्रिकेटमध्ये बावीस यार्डांवरून चेंडू टाकावयाचा आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभे राहावयाचे. त्यात शरीराची कसोटी ती कोणती? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. बाळूंसारख्या पुरुषाला थोर क्रीडापटू म्हणावयाचे तर त्याचे उत्तर दिले पाहिजे, आणि ते त्यांच्या चरित्रातूनच दिले पाहिजे.

पालवणकर घराणे मूळचे कोकणातील पालवणचे. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे कुटुंब पुढे पुण्यास आले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघे बंधू क्रिकेटमध्ये नावारूपास आले. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळूंनी पहिले धडे गिरवले. शाळा फार काळ लाभली नाही. घरास हातभार लावण्यासाठी त्यांनी प्रथम पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याची व खेळपट्टीवर रूळ फिरवण्याची चाकरी धरली. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे चार रुपये मिळू लागले.

येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. चार रुपयांत काय काय करावयाचे होते ते पाहा. रूळ ओढणे, चुन्याच्या रेघा आखणे, जाळ्या बांधणे व सोडणे आणि साहेबलोक फलंदाजीचा सराव करावयास आले म्हणजे त्यांना चेंडू टाकणे. हे शेवटचे काम तासन्‌तास चाले. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज. ते इतरांच्या आधी येऊन जाळीत उभे राहत आणि बाळूंना गोलंदाजी करावयास लावीत. आपणांस बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस ग्रेगसाहेब देत, अशी आख्यायिका आहे. मात्र त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधी आली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजी ही नोकराची मजुरी, असा तो हिशेब होता. आपल्या तालमीतील मुले जोर-बैठकांची संख्या अभिमानाने सांगतात, ती सांगावीच. पण डावखुऱ्या मंदगती गोलंदाजाची मेहनतही एकदा करून पाहावी. चेंडूस फिरकी देताना तर्जनीची कातडी सोलून निघते, पाय टेकताच साऱ्या देहाचा भार पुढल्या गुडघ्यावर येतो, आणि खांदा तर प्रत्येक चेंडूस पूर्ण फेरा घेतो. हे एकदा नव्हे, दिवसातून शेकडो वेळा. आणि शेवटचा चेंडू पहिल्याइतकाच नेमका पडला पाहिजे. बाळू चेंडू दोन्ही बाजूंना वळवीत, वेग बदलीत आणि फलंदाजाची पारख करून त्यास फसवीत. ही विद्या त्यांना कोणी वस्तादाने दिली नव्हती. साहेबांच्या सरावासाठी शिणलेल्या देहाने ती स्वतःच कमावली होती.

पूना क्लबास हरवावे ही पुण्याच्या हिंदू क्लबाची फार दिवसांची इच्छा. तिच्यापायी बाळूंना संघात घेण्याचा प्रश्न निघाला आणि मंडळींत दोन तट पडले. अखेर विजयाची ओढ सोवळ्यावर मात करून गेली. बाळू संघात आले. परंतु कसे आले? मैदानावर त्यांनी टाकलेला, त्यांच्या घामाने ओला झालेला चेंडू सर्वांनी झेलावा, हाताळावा, त्यांच्याकडे परत फेकावा; यात कोणास विटाळ होत नसे. पण चहाची सुट्टी झाली की इतर खेळाडू आत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर मातीच्या बोळक्यात मिळे. तोंड धुण्याचे पाणीही दुसऱ्या एखाद्या अस्पृश्य गड्याने आणून घालावयाचे. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. चेंडूवरचे आवरण कमावलेल्या कातड्याचे असते, हे आपल्या ज्ञातीस कोणी सांगावयास नको. ते कातडे चालत होते आणि त्यास फिरकी देणारा हात चालत नव्हता.

अंगाशी अंग न भिडणारा खेळ म्हणून ज्यास आज नावे ठेवली जातात, त्या खेळाचा हा दुसरा अर्थ आपल्या तरुणांनी ध्यानी घ्यावा असे आम्हांस वाटते. स्पर्श न करता खेळता येतो म्हणूनच कदाचित त्या खेळाचे दार बाळूंसाठी थोडेसे किलकिले झाले. तथापि दाराआत गेल्यावर बोळक्याचा अपमान गिळून पुन्हा मैदानावर यावयाचे आणि त्याच लोकांसाठी गडी बाद करावयाचे, यास लागणारी ताकद दंडात मोजता येत नाही.

साताऱ्याचा सामना या काळातलाच. तेथील गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंच्या फिरकीचा धसका घेऊन आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती टणक करून ठेवली होती. रूळ फिरवण्यातले मर्म बाळूंपेक्षा अधिक कोणास ठाऊक असणार? त्यांनी सात गडी बाद केले आणि पुणेकर जिंकले. त्यानंतर गावातून त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली म्हणतात. पुण्यात झालेल्या सत्कारात न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचा गौरव केला आणि जे बाळूंसोबत खेळतात त्यांनी त्यांच्यासोबत खाण्यापिण्यासही हरकत मानू नये, असे खेळाडूंना सुनावले, असेही सांगतात.

पुण्यात प्लेग आला तेव्हा बाळू मुंबईस आले. काही काळ लष्करी पलटणीत, नंतर रेल्वेत अशी त्यांची नोकरी झाली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यासही प्रथम कुरकुर झाली, पण कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला. मुंबईच्या जिमखान्याने पुढे त्यांना पंक्तीतही घेतले, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदू आणि युरोपियन यांचा प्रसिद्ध सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत संपले. एकशे नऊ धावांनी मिळालेल्या या विजयात बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले होते, आणि बंधू शिवरामही संघात होते. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. हा जय केवळ खेळातला राहिला नाही. सुधारकांच्या पत्रांतून यावर लेख आले आणि अस्पृश्यांस सोबत घेतले म्हणून हे यश लाभले, असे त्यांत स्पष्ट म्हटले गेले.

यानंतर १९११. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली सर्व धर्मांच्या खेळाडूंचा संघ विलायतेस गेला. बाळू व शिवराम हे दोघे बंधू त्यात होते. त्याच्या आदल्याच वर्षी गामा पहिलवानाने लंडनमध्ये झिबिस्को याच्याशी सुमारे अडीच तास झुंज दिली होती आणि तिची कीर्ती आजही आखाड्याआखाड्यांत सांगितली जाते. सांगितली जावी अशीच ती आहे. पण त्याच देशात दुसऱ्या वर्षी बाळूंनी काय केले, हे किती घरांत ठाऊक आहे? महाराज आपल्या दरबारी कामांत गुंतलेले, मैदानावर क्वचितच. संघ दुबळा, हवा परकी, वय पस्तिशीचे, आणि खांदा दुखत असलेला. एकंदर तेवीस सामन्यांपैकी पंधरांत संघ हरला. तीन-तीन दिवसांचे प्रथम श्रेणीचे चौदा सामने झाले. त्यांत लेस्टरशायर व सॉमरसेट या दोन काउंटींवर तेवढा जय मिळाला. अशा संघात बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ गडी त्यांनी टिपले. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजास विश्रांती नसते. प्रतिपक्षाचा डाव लांबत जातो आणि चेंडू पुन्हा त्याच्याच हाती येतो. इंग्लंडातील जाणत्यांनी त्यांची वाखाणणी केली, आणि विल्फ्रेड ऱ्होड्स या थोर डावखुऱ्या गोलंदाजाशी त्यांची तुलना होऊ लागली. कुस्ती एका बैठकीत निकालात निघते. एका खांद्यावर महिनोन्‌महिने सारा संघ वाहणे ही शरीराची कसोटी नव्हे असे ज्यास म्हणावयाचे असेल त्याने म्हणावे. आम्ही म्हणणार नाही. धावण्याच्या वा उडीच्या शर्यतीत बाळू पहिले आले असते असा आमचा दावा नाही, आणि त्यांना मल्ल म्हणण्याचा हट्टही नाही. पण क्रीडापटू या शब्दाचा अर्थ मल्लापुरता आखडता घेतला तर तो शब्दच लहान होईल.

ते परत आले तेव्हा मुंबईस दलित वर्गातर्फे त्यांचा सत्कार झाला. त्या समारंभातील मानपत्र लिहिण्यात एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांचा हात होता. बाबासाहेबांच्या सार्वजनिक जीवनाच्या अगदी आरंभीची ही घटना.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी देण्यात आले नाही. १९१२ पासून मुसलमानांचा संघ येऊन सामने चौरंगी झाले. दरवर्षी बाळूंचे नाव पुढे येई आणि दरवर्षी मागे पडे. १९१३ साली कर्णधार झालेल्या पै यांनी हा मान वस्तुतः बाळूंचा होता असे जाहीरपणे बोलून दाखविले. त्यांच्या मनाचा हा मोठेपणा विसरता येत नाही. १९२० मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी पडले असता विठ्ठलांचा हक्क डावलून पुण्याच्या देवधरांस कर्णधार नेमले, तेव्हा विठ्ठल व शिवराम या दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि कारणही जाहीर केले. येथवर खाली मान घालून खेळलेल्या घराने या वेळी मान वर केली. मोठी खळबळ उडाली. शेवटी पै परत आले, बंधू परत आले, आणि बाळू उपकर्णधार झाले. पारशांविरुद्धच्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. वय चव्वेचाळिसाच्या पुढे गेले होते. १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले, हिंदूंनी युरोपियनांस हरवून चौरंगी सामने जिंकले, आणि उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या मंडळींनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. बोळक्यापासून खांद्यापर्यंत यावयास एका घराण्याची पंचवीस वर्षे खर्ची पडली. विठ्ठलांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘माझे क्रीडा-जीवन’ या आत्मचरित्रात हा काळ आला आहे.

बाळूंच्या राजकारणाविषयी ज्ञातीत मतभेद होते व आहेत. ते झाकून ठेवण्यात आम्हांस स्वारस्य नाही. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. स्वतंत्र मतदारसंघांस त्यांचा विरोध होता. महात्मा गांधींवर श्रद्धा होती. १९३३ मध्ये मुंबई नगरपालिकेच्या निवडणुकीस हिंदू महासभेतर्फे उभे राहून ते पराभूत झाले. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना प्रत्यक्ष बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. ज्या तरुणाने मानपत्रासाठी लेखणी उचलली त्याच्याच विरोधात उभे राहण्याचे बाळूंनी टाळावयास हवे होते, असे आमचे मत आहे. त्यांच्या क्रीडेतील थोरवीस मात्र या मतभेदाने उणेपणा येऊ नये. बाबासाहेबांची बाजू घेणाऱ्या आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांनीही बाळूंच्या बळींचे आकडे तोंडपाठ ठेवले होते.

ते आकडे येथे एकत्र देऊन ठेवतो. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, दर बळीमागे १५.२१ धावा. हिंदुस्थानला कसोटी सामन्याचा मान १९३२ मध्ये मिळाला. तोवर बाळू साठीच्या जवळ येत चालले होते, त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव सापडणार नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सांताक्रूझच्या स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. अंत्ययात्रेस राजकीय पुढारी होते आणि कसोटी सामने खेळलेले क्रिकेटपटूही होते.