पायांतली वीज

माणसाच्या पश्चात त्याचे नाव रस्त्याला मिळते, शाळेला मिळते. एका फ्रेंच डॉक्टरचे नाव मात्र रोगाला मिळाले. लहान मुलग्यांचे स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराला जगभर ‘ड्यूशेन’ म्हणतात. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांच्या काळजात हे नाव ऐकताच धस्स होते. ज्याने सारे आयुष्य स्नायूंची भाषा समजून घेण्यात घालवले, त्याच्या नावाचे असे व्हावे हा दैवाचा विचित्र खेळच म्हणायचा!

मला त्याची ओळख झाली ती पायांमुळे. आमचे केशोरी लोकांना ठाऊक आहे ते मिरचीसाठी. पण दिवाळी सरली की साऱ्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगाव रात्रभर प्रयोग चालतात. माझी भाची अशाच नाटकांत नाचते. मागच्या हंगामात तिचा घोटा मुरगळला. विजेने स्नायू बळकट करणारे यंत्र मिळते, परदेशातल्या बॅले नर्तिकाही ते वापरतात, असे तिला कुणीतरी सांगितले. मामा, घेऊ का, असे तिने मला विचारले. किंमत तिच्या कित्येक रात्रींच्या कमाईइतकी होती. मी त्या विद्येचे मूळ शोधू लागलो आणि ड्यूशेनच्या दारी पोचलो.

गीयोम ड्यूशेनचा जन्म १७ सप्टेंबर १८०६ रोजी उत्तर फ्रान्समधल्या बुलोन या बंदरात झाला. घराणे दर्यावर्दी, पण या मुलाने पॅरिसला जाऊन वैद्यकी शिकली. १८३१ मध्ये पदवी घेऊन तो गावी परतला, संसार थाटला. दोनच वर्षांनी बाळंतपणात त्याची पत्नी गेली. प्रसूतीच्या वेळी तो एकटाच जवळ होता, एवढे निमित्त पुरले. सासूने त्याच्यावर ठपका ठेवला, गावात कुजबुज सुरू झाली आणि पोटचा मुलगा एमिलही सासरच्यांनी दूर ठेवला.

अशा एकाकी दिवसांत त्याला विजेचा नाद लागला. मेलेल्या बेडकाचे पाय विजेने उडतात, हे इटलीच्या गॅल्व्हानीने अठराव्या शतकातच दाखवले होते. त्यानंतर काही डॉक्टर अंगात सुया टोचून रोग्यांना वीज देत. ड्यूशेननेही तसे प्रयोग केले. पुढे फॅरेडेच्या शोधातून निघालेला प्रवाह त्याने हाती घेतला आणि ओलसर टोके कातडीवर टेकवून, सुई न टोचता, नेमका हवा तोच स्नायू आकुंचित करण्याचे तंत्र बसवले.

१८४२ मध्ये तो पॅरिसला आला. त्याच्याकडे ना प्राध्यापकी होती ना रुग्णालयातले पद. आपली विजेची पेटी घेऊन तो इस्पितळामागून इस्पितळ पालथे घाली. लोक या गावंढळ डॉक्टरला हसत. पण तो चिकाटीने एकेका रोग्याचा पिच्छा पुरवी. शार्को आणि त्रूसो या नामवंतांनी त्याचे मोल ओळखले. शार्को तर त्याला गुरू मानी. १८५५ मध्ये विद्युत उपचारांवरचा आणि १८६७ मध्ये शरीराच्या हालचालींवरचा त्याचा ग्रंथ निघाला.

याच पॅरिसच्या ऑपेरात १८३२ मध्ये मारी ताल्योनी बोटांच्या टोकांवर नाचून गेली होती. चवड्यावर उभे राहायला पायात काय काय लागते, याचा उलगडा ड्यूशेनच्या अभ्यासातून होतो. पोटरीच्या बाहेरच्या बाजूने उतरणारा एक स्नायू तळव्याखालून अंगठ्याच्या मुळाशी जातो. तो दुबळा पडला की अंगठ्याकडच्या बाजूचा जोर जातो आणि तळव्याची कमान बसते, हे त्याने दाखवले. तळव्यातले चिमुकले स्नायू लुळे पडले, तर बोटे नखरासारखी वळतात, हेही सांगितले.

पण मला सर्वांत मोलाचा वाटला तो त्याचा दुसरा निष्कर्ष. वीज देऊन एकच स्नायू हलवता येतो. निसर्गात मात्र कुठलाच स्नायू एकटा काम करत नाही. साधे पाऊल उचलतानाही कुणी ओढतो, कुणी आवरतो, कुणी तोल धरतो. विजेच्या साऱ्या आयुष्यभराच्या साधनेनंतर विजेची मर्यादा त्यानेच सांगून ठेवली!

आजचे शास्त्रही फारसे वेगळे सांगत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडी आखडता येत नसेल, तर असे यंत्र स्नायू झिजण्यापासून सावरते. तळव्याच्या झोपी गेलेल्या स्नायूला जागे करायलाही काही उपचारक ते वापरतात. परंतु विजेने पुन्हापुन्हा तेच तेच तंतू ओढले जातात, म्हणून स्नायू लवकर थकतो. आणि तोल, ताल, पाऊल नेमके टाकणे हे मेंदूला सरावानेच शिकावे लागते. हृदयात पेसमेकर असेल तर यंत्राच्या वाटेला जाऊच नये. भाचीला मी इतकेच सांगितले, की आधी फिजिओथेरपिस्टला घोटा दाखव, एका पायावर उभे राहण्याचा आणि चवडे उचलण्याचा सराव कर. यंत्राचे ते सांगतील तसे पाहू.

विजेने चेहऱ्यावरचे भाव उमटवून ड्यूशेनने त्यांची छायाचित्रे घेतली. १८६२ मधले ते पुस्तक आणि त्यातले खऱ्या हसण्याचे विवेचन पुढे डार्विनलाही उपयोगी पडले. १८६८ मध्ये त्याने तेरा मुलांच्या एका आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या मुलांच्या पोटऱ्या भरदार दिसत, पण त्यांत बळ नसे. दिसणे वेगळे आणि असणे वेगळे, हे त्याने तिथेही ओळखले.

दुरावलेला एमिल मोठेपणी पित्याजवळ परतला, डॉक्टर झाला, त्याच्या कामात हातभार लावू लागला. हे सुखही टिकले नाही. एमिल ऐन उमेदीत वारला. पाठोपाठ १५ सप्टेंबर १८७५ रोजी, एकोणसत्तरावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, ड्यूशेननेही पॅरिसमध्ये डोळे मिटले.

त्या मुलांच्या स्नायूंत कोणते प्रथिन नसते, हे कळायला १९८७ साल उजाडावे लागले. पूर्ण बरे करणारा उपाय अजून सापडलेला नाही, पण उपचारांनी त्या मुलांचे आयुष्य पूर्वीपेक्षा लांबले आहे. स्वतःचा मुलगा ज्याला अर्धे आयुष्य मिळाला नाही, त्या बापाने परक्यांच्या मुलांकडे इतके बारकाईने पाहिले, म्हणून ही वाट सुरू झाली.