कै. कॅप्टन जटार

यवतमाळला समुद्र नाही, तरी समुद्रावरच्या कर्तव्याची ही कथा मी मुलांना आवर्जून सांगते.

११ एप्रिल १९५५ रोजी कॅप्टन दामोदर काशीनाथ जटार 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान हाँगकाँगहून जाकार्ताकडे नेत होते. प्रवासी बांडुंग परिषदेला निघालेले. सुमारे ५ तासांनी, दक्षिण चिनी समुद्रावर, घातपाती बाँब फुटला. उजव्या पंखाला आग लागली. एकेक यंत्रणा निकामी झाली. जटारांनी संकटसंदेशातून आपले ठिकाण कळविले व जळते विमान पाण्यावर उतरविण्याची शिकस्त केली. हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी प्रवाशांना लाइफ जॅकेटे देत होत्या.

दोघेही परतले नाहीत. १९ पैकी दीक्षित, पाठक, कर्णिक हे तिघे वाचले. जटारांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्या तिघांचे प्राण हेच मला त्यांचे खरे स्मारक वाटते.