चंद्रावर गेलेला दादरचा माणूस : भगवानदादा



अंतराळावरचा एखादा सिनेमा किंवा मालिका आठवायला सांगा, मुलं पटापट बोलू लागतात. यान कसं होतं, परग्रहावरचा प्राणी कसा दिसत होता, नायकाने काय केलं, सगळं सांगतील. मग हळूच विचारा, नायकाच्या शेजारी कोण उभं होतं? इथे बहुतेकांची गाडी अडते.

आपल्या पिढीचंही तसंच आहे. १९८९ साली दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' आणि 'इंद्रधनुष' या मालिका लागल्या, १९९८ मध्ये 'कॅप्टन व्योम' आली. मालिकांची नावं आपल्याला पाठ आहेत. त्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या कलाकारांची नावं मात्र चटकन सांगता येत नाहीत. आजचा पाठ अशाच एका शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल आहे. त्यासाठी आपल्याला १९६७ सालात जावं लागेल. तेव्हा मुंबईत टीव्ही आलेलाही नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ ला.

हा माणूस म्हणजे भगवान आबाजी पालव. तुम्ही त्यांना भगवानदादा म्हणून ओळखता.

गिरणी कामगाराचा मुलगा

भगवानदादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा. वडील कापड गिरणीत कामाला. घर चाळीतलं, परिस्थिती बेताची. शाळा लवकर सुटली आणि पोरगं मजुरी करू लागलं. पण डोक्यात एकच वेड होतं, सिनेमा. डग्लस फेअरबँक्स हा मारधाडीच्या मूकपटांचा अमेरिकन नट त्यांचा आवडता. शरीर कमवायचं, कुस्ती खेळायची आणि कधीतरी पडद्यावर जायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आपल्या गोखिवऱ्यात, वालीवमध्ये, वसई पूर्वेच्या चाळींतून अशी कितीतरी घरं आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव रिकामं होत गेलं आणि तिथली अनेक कुटुंबं वसई-विरारकडे सरकली. आपल्या वर्गात बसणाऱ्या काही मुलांचे आजोबा गिरणीत होते. आई-वडील आता औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांमध्ये काम करतात. नायगावच्या बाजूला मालिकांचे सेट लागतात, तिथेही आपल्या भागातली माणसं कामाला जातात. म्हणून भगवानदादांची गोष्ट या मुलांना परकी वाटणार नाही.

सगळी कामं येणारा माणूस

मूकपटांत छोटी कामं करत भगवानदादांनी सुरुवात केली. नुसता अभिनय करून ते थांबले नाहीत. कॅमेरा कसा चालतो, दृश्यं कशी जोडतात, पैसा कुठे वाचतो, हे सगळं बघून बघून शिकले. १९३८ मध्ये 'बहादूर किसान' या चित्रपटाच्या सहदिग्दर्शनापासून त्यांचं दिग्दर्शन सुरू झालं. पुढे त्यांनी कमी खर्चातले मारधाडपट एकामागून एक काढले. एक चित्रपट ६५ हजार रुपयांच्या आसपास बसवायचा, कलाकारांचे कपडे आणि जेवणखाणसुद्धा स्वतः बघायचं, असा त्यांचा खाक्या सांगतात. गिरणी आणि गोदी भागातला कामगार या चित्रपटांचा हक्काचा प्रेक्षक होता. १९४१ मध्ये त्यांनी 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपटही दिग्दर्शित केला. तिथे संगीत द्यायला त्यांच्यासोबत सी. रामचंद्र होते.

याच काळातली एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. १९४२ च्या सुमारास 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात एका दृश्यासाठी त्यांनी अभिनेत्री ललिता पवार यांना थप्पड मारली, आणि ती फार जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्यावर परिणाम झाला, डोळा कायमचा अधू झाला. कित्येक वर्षं उपचार चालले. नायिकेच्या भूमिका हातून गेल्या. त्यांनी मात्र चरित्र भूमिकांमध्ये स्वतःचं असं स्थान मिळवलं, की 'रामायण' मालिकेतली त्यांची मंथरा आजही लोक विसरलेले नाहीत. मुलांना थोर माणसांची चरित्रं सांगताना हा भाग गाळू नका. एका माणसाच्या निष्काळजी क्षणाची किंमत दुसऱ्याला आयुष्यभर मोजावी लागते, हे मुलांना याहून स्पष्ट कुठे दिसणार?

वर चढणं आणि खाली येणं

१९४२ मध्ये भगवानदादांनी जागृती पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली, नंतर चेंबूरला स्टुडिओ उभा केला. मारधाडपट सोडून एखादा सामाजिक चित्रपट काढा, असं राज कपूर यांनी त्यांना सुचवलं आणि १९५१ मध्ये 'अलबेला' आला. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र, नायक आणि दिग्दर्शक स्वतः भगवानदादा. ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, साधा दिसणारा हा नायक हात सैल सोडून, छोटी छोटी पावलं टाकत नाचला आणि अख्खा देश त्याच्यासोबत नाचला. पुढे अमिताभ बच्चन, मिथुन, गोविंदा यांच्या नाचात तुम्हाला जी ढब दिसते, तिचं मूळ इथे आहे.

मग पैसा आला. जुहूला २५ खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी वेगळी मोटार, अशी वर्णनं तुम्ही ऐकली असतील. पण 'अलबेला'सारखं यश पुन्हा मिळालं नाही. १९५३ चा 'झमेला' आला आणि गेला. किशोरकुमारला घेऊन सुरू केलेला 'हंसते रहना' अर्धवट राहिला, त्यात जमा केलेली पुंजी गेली. १९६६ च्या 'लाबेला'नेही हात दिला नाही. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. भगवानदादा दादरच्या चाळीत राहू लागले.

'झनक झनक पायल बाजे' (१९५५) आणि 'चोरी चोरी' (१९५६) यांत त्यांना लक्षात राहतील अशा भूमिका मिळाल्या होत्या. नंतरच्या भूमिका लहान होत गेल्या. काही ठिकाणी तर गर्दीत दोन-चार पावलं नाचण्यापुरत्या.

चंद्रावरची स्वारी

आणि अशा दिवसांत, १९६७ मध्ये, भगवानदादा चंद्रावर गेले!

चित्रपटाचं नाव 'चाँद पर चढाई', दिग्दर्शक टी. पी. सुंदरम. 'रामायण' मालिकेतले हनुमान म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते दारासिंग यात अंतराळवीर कॅप्टन आनंद झाले होते. सोबत हेलन आणि पद्मा खन्ना. कॅप्टनचा विनोदी मदतनीस भगू, म्हणजे आपले भगवानदादा.

काळ ध्यानात घ्या. युरी गागारिन १९६१ मध्ये अंतराळात जाऊन आला होता. आपल्या थुंबा केंद्रावरून पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालं होतं. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवायला अजून दोन वर्षं होती. तमिळमध्ये १९६३ ला 'कलै अरसी' या चित्रपटात परग्रहावरची माणसं येऊन गेली होती. हिंदीत मात्र अंतराळावरचे चित्रपट हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. मोठा खर्च नाही, संगणकाची करामत नाही. कृष्णधवल चित्र, रंगवलेले पडदे आणि चंद्रावर चक्क कुस्ती!

अशा चित्रपटात प्रेक्षकाचा विश्वास कोण टिकवतो? नायक तर पोलादी. तो घाबरत नाही, थकत नाही, त्याला भूक लागत नाही. खुर्चीत बसलेला साधा माणूस त्याच्यासोबत चंद्रावर जाणार कसा? त्याला हात धरून नेतो तो नायकाचा मदतनीस. तो आपल्यासारखा असतो. आपल्याला जे विचित्र वाटेल ते त्यालाही विचित्र वाटतं, आपण जिथे हसू तिथे तोही हसतो. पुठ्ठ्याचं यान खरं वाटतं ते त्याच्या चेहऱ्यामुळे. हे काम कठीण आहे, आणि त्याला टाळ्या कमी मिळतात.

भगवानदादांकडे तोवर तीसहून जास्त वर्षांचा अनुभव होता. असे मारधाडपट त्यांनी स्वतः काढले होते, स्वतः नायक होऊन गाजवले होते. वय ५४ च्या घरात. आता दुसऱ्याच्या चित्रपटात, दुसऱ्या पैलवानाच्या शेजारी उभं राहायचं. अनेकांना हा अपमान वाटला असता. भगवानदादा मेकअप करून कामावर गेले. आधीही जात होते, नंतरही वर्षानुवर्षं जात राहिले.

मला त्यांच्या 'अलबेला'इतकाच हा भगू मोलाचा वाटतो. यशात नाचणं सोपं आहे. सगळं गेल्यावर दुसऱ्याच्या गोष्टीत जीव ओतायला मोठं मन लागतं.

शेवटची वर्षं

त्यांच्या जुन्या चित्रपटांपैकी बहुतेकांच्या मूळ प्रती गोदामाच्या आगीत नष्ट झाल्या, 'अलबेला' वाचला. दादरमध्ये गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीसमोर आली की बँडवर 'अलबेला'ची गाणी वाजायची आणि दादा दोन पावलं नाचून दाखवायचे, ही आठवण जुने दादरकर सांगतात. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या घरी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय ८८. २०१६ मध्ये त्यांच्या जीवनावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला. त्यात मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका केली.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. विज्ञानाची जोड द्या. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश. पृथ्वीवर काट्यावर ६० किलो भरणारा पैलवान तिथे किती भरेल? हवा नाही, मग कुस्तीतली आरोळी ऐकू येईल का? चित्रपटातल्या चुका शोधणं हा मुलांचा आवडता खेळ आहे. त्यातून पाठही पक्का होतो.

२. निबंधाचा विषय द्या : 'मी नायकाचा मदतनीस'. चंद्रयानाची गोष्ट मदतनिसाच्या तोंडून लिहायला सांगा.

३. पालकांनी घरी एकत्र मालिका बघताना शेवटची नामावली बंद करू नये. रोज त्यातलं एक नाव मुलांना वाचायला लावा. ही पाच मिनिटांची सवय आहे.

४. स्नेहसंमेलनात झाड झालेल्या, पडदा ओढणाऱ्या, शेवटच्या रांगेत नाचणाऱ्या मुलाचं नाव माईकवरून घ्या. राजा झालेल्या मुलाचं तर सगळेच घेतात.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपल्या वर्गात दारासिंग एखाद-दुसराच असतो, बाकी सगळे भगू. त्यांचं काम आपण पाहिलं, हे त्यांना कळलं पाहिजे. आणि त्यांच्यातला एखादा पुढे खूप वर चढून खाली आला, तरी दुसऱ्या दिवशी कामावर जायचं बळ त्याला कुठून मिळेल? कदाचित अशा एखाद्या गोष्टीतूनच.

तुमच्या वर्गात हा पाठ कसा झाला ते जरूर कळवा.