शारीरविद्येचा जनक : अँड्रियस व्हेसेलियस

प्रौढ मनुष्याच्या शरीरात 206 हाडे असतात. वैद्यकीय महाविद्यालयात पाऊल टाकताच विद्यार्थ्यास त्यांची नावे, त्यांवरील खाचा व उंचवटे यांसह, आत्मसात करावी लागतात. रात्ररात्र घोकूनही ती लक्षात राहत नाहीत, अशी तक्रार आमचे माजी विद्यार्थी सुटीत भेटीस आले म्हणजे करितात. त्यांस उत्तर म्हणून आम्ही येथे अशा एका पुरुषाचे चरित्र सांगतो, की ज्याने ही विद्या केवळ स्मरणशक्तीवर न सोपविता डोळे व हात यांच्या स्वाधीन केली.

अँड्रियस व्हेसेलियस याचा जन्म ब्रुसेल्स शहरी 1514 साली झाला. त्याचा पिता सम्राट पाचवा चार्ल्स याच्या पदरी औषधे तयार करणारा होता. 1533 साली अँड्रियस वैद्यक शिकण्यासाठी पॅरिसला गेला. त्या काळी बहुतेक ठिकाणी अध्यापक उच्चासनावरून दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याचे मत सांगत, खाली दुसराच कोणी प्रेताची चिरफाड करी, आणि विद्यार्थी दुरून पाहत. अशा शिक्षणाने व्हेसेलियसचे समाधान होईना. तो सोबत्यांसह शहरातील जुन्या दफनभूमीत जाई व तेथे साठलेली हाडे तासन्‌तास न्याहाळी. पुढे तर डोळे बांधून, हाती दिलेले हाड केवळ स्पर्शाने ओळखण्याची पैज ते परस्परांशी लावीत. आपणांस खरोखर किती येते, हे पाहण्याची याहून चोख परीक्षा आम्हांस ठाऊक नाही.

1537 च्या डिसेंबरात पाडुआ येथे त्यास वैद्यकाची पदवी मिळाली, आणि लगेच दुसऱ्या दिवशी तेथेच अध्यापकाची जागाही मिळाली. वय तेवीसही पुरे नव्हते. उच्चासन सोडून तो खाली उतरला, शस्त्र आपल्या हाती घेतले, आणि शिष्यांस जवळ बोलावून एकेक अवयव दाखवू लागला. शेजारी अस्थिपंजर टांगलेला असे. समजावितांना तो आकृत्या काढी. त्या आकृत्यांस इतकी मागणी आली, की 1538 साली त्याने सहा मोठे तक्ते छापविले.

परंतु याच तक्त्यांत एक दोष राहिला होता. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक जाळे असते, असे गेलनने लिहिले होते. व्हेसेलियसनेही ते मनुष्याच्या ठायी आहे असे समजून रेखाटले. पुढे पुष्कळ प्रेते तपासल्यावर त्यास कळून आले, की ते मेंढ्या-बैलांत असते, मनुष्यात नसते. गेलनने पशूंचे शरीर पाहून मनुष्याचे वर्णन केले होते! येथे मौन धरिले असते तर व्हेसेलियसची लाज झाकली गेली असती. पण 1543 साली बाझेल येथे छापलेल्या आपल्या महाग्रंथात त्याने गेलनच्या चुकांबरोबर स्वतःची चूकही कबूल केली. मनुष्याचा खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकाच हाडाचा आहे, हेही त्याने दाखविले. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

या सत्यनिष्ठेची किंमत त्यास द्यावी लागली. पॅरिसमधील त्याचे गुरू सिल्व्हियस यांनी 1551 साली पुस्तक लिहून त्यास वेड्यात काढिले. तरी तो मागे हटला नाही. हृदयाच्या मधल्या पडद्यातून रक्त पलीकडे झिरपते, हे गेलनचे मत होते. त्या पडद्यात आपणांस छिद्र दिसत नाही, असे त्याने 1555 च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिले. रचनेविषयीच्या अशा शंकांतूनच क्रियेचे ज्ञान वाढते. पुढे त्याच पाडुआत शिकलेल्या विल्यम हार्वेने 1628 साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. जेरुसलेमच्या यात्रेहून परततांना 1564 साली झांटे बेटावर व्हेसेलियसचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, ग्रंथ अवश्य वाचा. पण वाचलेले हाताने चाचपून पाहा, ग्रंथ मिटून त्याची आकृती काढा, सोबत्यास आपली परीक्षा घेऊ द्या, आणि अवयवाचा आकार पाहतांना त्याचे कार्य काय, हे विचारा. चूक आढळली तर ती लपवू नका. पालकांसही आमची विनंती आहे, की मुलाने किती पाने वाचली हे विचारण्याऐवजी त्याने काय पाहिले, हे विचारावे.