सायकलीच्या दुकानापासून नांगरापर्यंत

बेळगाव शहराच्या मध्यवस्तीतून जाणाऱ्या किर्लोस्कर रोडवरून आपल्यापैकी कितीतरी जण नित्य ये-जा करतात. परंतु हे नाव त्या रस्त्यास का मिळाले, असे कोणास विचारले तर बहुधा मोठ्या कारखान्याचे नाव पुढे येते, आणि तो कारखाना येथे नाही म्हटल्यावर संभाषण तेथेच थांबते. या रस्त्याचा संबंध कारखान्याशी नसून एका सायकलीच्या दुकानाशी आहे. ज्या गृहस्थांनी ते आपल्या बंधूंच्या साहाय्याने चालविले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत शाकुंतलाचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच घराण्यातील व याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदांताचे व्यासंगी असून घरात अध्ययनाची परंपरा होती. पण लक्ष्मणाचे चित्त शाळेच्या पुस्तकांत रमेना. चित्रे काढावीत आणि एखादे यंत्र दिसले की ते आतून कसे चालते हे पाहावे, या दोनच गोष्टींत त्यास गोडी. अशा मुलाविषयी त्या काळच्या वडिलांस काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. वडील बंधू रामूअण्णा मात्र त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

येथे त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा आघात झाला. दोन वर्षे चित्रकलेचा अभ्यास केल्यावर असे निष्पन्न झाले की, त्यांच्या दृष्टीत अंशतः रंगांधळेपणा आहे. काही रंगांतील भेद त्यांस ओळखता येत नाही. चित्रकार होण्याची आकांक्षा धरलेल्या, वडिलांची नाराजी पत्करून घराबाहेर पडलेल्या तरुणास याहून दारुण वार्ता कोणती असणार? कोणीही निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी विचार केला तो असा, की रंग गेले तरी रेषा शिल्लक आहे. यंत्रांच्या आराखड्यांस रंग लागत नाहीत. तेथे पेन्सिल, पट्टी, कंपास आणि अचूक डोळा एवढेच पुरते. त्यांनी चित्रकला सोडली व यांत्रिक रेखनाचा अभ्यास पुढे चालू ठेवला. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हाच विषय शिकविण्याची नोकरी त्यांस मिळाली.

नोकरी मिळाली म्हणजे आयुष्याचे सार्थक झाले असे मानण्याचा तो काळ होता. (आजही तो पूर्णपणे सरला आहे असे म्हणवत नाही.) लक्ष्मणराव रेखन शिकवीत आणि उरलेल्या वेळात संस्थेच्या कर्मशाळेत यंत्रे हाताळीत. वाफेचे इंजिन, कातकामाचे यंत्र, ओतकाम यांची ओळख त्यांनी येथेच करून घेतली. परदेशांतून येणारी यंत्रविषयक पुस्तके व नियतकालिके ते वाचीत. यंत्रविद्येची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती. जे ज्ञान होते ते डोळ्यांनी पाहून, हातांनी करून आणि चुका दुरुस्त करून मिळविलेले होते.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली. त्या काळी दोन चाकांवर तोल सावरून जाणारा मनुष्य दिसला की लोक थांबून पाहत, हसत आणि आपल्या वाटेने जात. लक्ष्मणरावांच्या मनात मात्र निराळाच विचार आला. मुंबईस जे वाहन नवल म्हणून पाहिले जाते, ते बेळगावास कोणी विकत घेईल काय? बेळगावास लष्कराची छावणी होती, सरकारी अंमलदार होते, वकील होते, आणि गावातल्या गावात हिंडण्यास टांग्यावाचून साधन नव्हते. त्यांनी ही गोष्ट रामूअण्णांस कळविली. मुंबईहून एकाने सायकली घेऊन पाठवाव्यात आणि बेळगावास दुसऱ्याने त्या विकाव्यात, असा व्यवहार सुरू झाला. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ म्हणून १८८८ हे जे साल सांगितले जाते, ते याच दुकानाचे होय.

सायकलीची किंमत तेव्हा सातशेपासून हजार रुपयांपर्यंत असे. एवढे द्रव्य मोजणारा माणूस सायकल नुसती घेऊन काय करणार? तो प्रथमच तिच्यावर बसणार आणि प्रथमच पडणार! म्हणून लक्ष्मणरावांनी सायकल चालविण्यास शिकविण्याचेही काम अंगावर घेतले आणि त्याचे पंधरा रुपये शुल्क ठेविले. मोडलेली सायकल दुरुस्त करण्याची सोय होतीच. मला स्वतःला या साऱ्या चरित्रात ही गोष्ट फार बोलकी वाटते. वस्तू विकून मोकळे होणारे व्यापारी पुष्कळ असतात. घेणाऱ्याची पुढची अडचण आधीच ओळखणारा विरळा.

सन १८९७ मध्ये संस्थेत बढतीची जागा निघाली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला व ते बेळगावास आले. मानी माणसाने अपमानामुळे नोकरी सोडावी यात नवल नाही. पण सोडल्यावर दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज न करता ते सायकलीच्या दुकानात येऊन उभे राहिले, हे त्या काळच्या पांढरपेशा समाजास चमत्कारिकच वाटले असेल.

सायकलीच्या व्यापारात त्यांचे मन फार काळ रमले नाही. तयार माल आणून विकणे आणि माल स्वतः घडविणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि त्यांना ओढ होती ती घडविण्याची. काय घडवावे, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यास त्यांना फार दूर जावे लागले नाही. आपल्याकडे गुरांपुढे ज्वारीचा कडबा अख्खाच्या अख्खा टाकीत. गुरे पाने व कोवळा भाग खातात आणि जाड बुडखे तुडवून टाकतात. त्यामुळे पेंढीतील बराच भाग वाया जातो. दुष्काळी मुलखातील शेतकऱ्यास कडब्याचे मोल धान्याइतके. तो बारीक कापून घातला तर गुरे सर्वच खातात. पात्यांचे मोठे चाक हाताने फिरवावे आणि कडबा त्यासमोर सरकवीत जावा, असे यंत्र लक्ष्मणरावांनी बनविले. किर्लोस्करांच्या लहानशा कर्मशाळेतून बाहेर पडलेला हा पहिला महत्त्वाचा माल. वाया जाणारा कडबा तर गावोगाव सर्वांनी जन्मभर पाहिला होता!

त्यानंतर लक्ष्मणराव नांगराकडे वळले. आपल्या काळ्या, चिकट रानात हरळी व कुंदा माजला म्हणजे लाकडी नांगरास चार-चार, सहा-सहा बैलजोड्या जुंपाव्या लागत, आणि तरीही माती नुसती फाटे, उलटत नसे. विलायतेहून येणारा रॅन्सम कंपनीचा लोखंडी नांगर माती खोल उकरून पालथी घालीत असे. त्यामुळे तणाच्या मुळ्या उन्हात पडून वाळत. असाच नांगर आपल्या लोकांनी, आपल्या जमिनीस व आपल्या बैलांस मानवेल असा का बनवू नये, या विचाराने १९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला.

नांगर तयार झाला, पण घेण्यास कोणी येईना. लोखंड जमिनीत गेले की जमीन विषारी होते, पिकेनाशी होते, असा शेतकऱ्यांत दृढ समज होता. बाप-आजांनी ज्या लाकडी नांगरावर शेत पिकविले, तो टाकून एका सायकलवाल्याचे ऐकावे कसे? या समजास आपण हसू नये. ज्याचे वर्षभराचे पोट एका शेतावर अवलंबून आहे, तो सावध राहणारच. लक्ष्मणरावही हसले नाहीत आणि शेतकऱ्यांवर रागावलेही नाहीत. पहिले सहा नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षांत सहा नांगर! कर्मशाळेचे भाडे, कारागिरांची मजुरी, लोखंडाची किंमत आणि घरचा संसार ही सर्व ओझी वाहत त्यांनी ती दोन वर्षे कशी काढली असतील, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. पुढे मात्र एकाच्या शेतातील पीक दुसऱ्याने पाहिले, दुसऱ्याच्या शेतातील तिसऱ्याने, आणि हळूहळू मागणी येऊ लागली.

धंद्यास बरे दिवस येत आहेत असे वाटते तोच १९१० च्या आरंभी दुसरे संकट आले. शहराच्या नव्या वस्तीसाठी कर्मशाळेची जागा हवी असल्याने ती खाली करावी, असा बेळगाव नगरपालिकेचा हुकूम झाला. यंत्रे, भट्टी व माणसे घेऊन कोठे जावे? त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात एका बांधकामाच्या निमित्ताने गेलेले होते. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा त्यांच्याशी जुना स्नेह होता. बाळासाहेब स्वतः नामांकित चित्रकार. रंगांनी ज्या तरुणास दूर लोटले होते, त्याला आता एका चित्रकाराचाच आधार मिळाला. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

ही जागा म्हणजे कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळचा बत्तीस एकरांचा माळ. तेथे निवडुंगाचे रान माजलेले, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याचे दुर्भिक्ष. ती पाहून सोबतच्या मंडळींचे चेहरे उतरले असल्यास नवल नाही. लक्ष्मणरावांच्या दृष्टीस निवडुंगापलीकडे रेल्वेचा रूळ पडला. नांगर जड असतो. तो गाडीत घालून दूरच्या मुलखात पाठवावयाचा तर कारखान्याच्या दाराशी रेल्वे असण्यासारखे दुसरे सुख नाही. १० मार्च १९१० रोजी तेथे कारखान्याचा आरंभ झाला. रामूअण्णांनी निवडुंग तोडवून वसाहतीची आखणी केली. शंभूराव जांभेकर यंत्रांकडे पाहू लागले, मंगेशराव रेगे हिशेबाकडे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. आणि वसाहतीच्या राखणीस लक्ष्मणरावांनी नेमले कोण, तर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दरोडेखोरीची शिक्षा भोगून आलेले दोघे! ज्यांच्यापासून लोक आपली दारे राखीत, त्यांच्याच हाती दारे सोपविली. माळरानात कारखाना पाहणे एक वेळ सोपे. शिक्षा भोगून आलेल्या माणसात विश्वासू रखवालदार पाहण्यास निराळी दृष्टी लागते. या वसाहतीत अस्पृश्यता पाळली जात नसे, हेही त्याच दृष्टीचे फळ.

सन १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. विलायती नांगर येईनासे झाले, म्हणून किर्लोस्कर नांगरास मागणी वाढली; पण ज्या लोखंडापासून नांगर करावयाचा तेही येईनासे झाले. दगडी कोळशाचीही ओढ लागली, तेव्हा लाकडी कोळशावर भट्टी चालविण्याचा प्रयत्न झाला. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी पन्हाळगडावर पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर झाले.

यापुढील हकीकत यशाची आहे आणि ती पुष्कळ ठिकाणी लिहिलेली आढळते, म्हणून येथे तिचा विस्तार करीत नाही. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. कारखान्यातून उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप, लोखंडी सामान असा नाना प्रकारचा माल निघू लागला. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची माहिती देणारे किर्लोस्कर खबर हे पत्र काढले व त्यातूनच किर्लोस्कर मासिक उदयास आले. मराठी वाचकास त्याची थोरवी सांगावयास नको. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले आणि त्यांच्या कारकिर्दीत उद्योगाचा विस्तार हरिहर, पुणे, बंगळूर येथवर गेला.

लक्ष्मणरावांनी हा सर्व विस्तार आपल्या डोळ्यांनी पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २० जून १९८९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. बेळगावहून मिरजेमार्गे पुण्यास जाणारी आगगाडी ज्या लोहमार्गाने धावते, त्याच्या कडेला त्यांचा तो माळ लागतो. पूर्वीचे कुंडल रोड हे नाव जाऊन त्या स्थानकाच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे.